मेलबर्नचं स्थळ

जगातली कुठली दोन माणसं एकमेकांना शोभतील हे आमच्या काकांना कधी कळलं नाही. पण जगातले कुठले दोन क्लब शोभतील, हे ते कोपरीतल्या आपल्या ओट्यावर बसून छातीठोक सांगत. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नोकरी गोदीतल्या आगबोट कंपनीत, आणि फावल्या वेळात आळीतल्या मुलामुलींच्या पत्रिका जुळवणं. बोटींवरची शिळी वर्तमानपत्रं ते पिशवी भरून ठाण्याला आणत आणि त्यातली खेळाची पानं तेवढी वाचत. मेलबर्नचा अंड्यासारख्या चेंडूचा फुटबॉल आणि अमेरिकेचा बेसबॉल, दोन्ही त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. स्वतः तर जिना चढताना दोनदा बसत. तरी मेलबर्नचा कुठला क्लब अमेरिकेतल्या कुठल्या संघासारखा, याचा त्यांनी पंचांग पुढ्यात घेऊन तक्ता मांडला होता. स्थापनेचा दिवस ही जन्मतारीख, मग नाडी, गण, सगळं रीतसर. मजुरांच्या वस्तीतला, ऐन वेळी हरणारा क्लब आणि तसाच रडका अमेरिकन संघ: एकतीस गुण. सतत जिंकून सगळ्यांच्या डोळ्यांवर आलेले दोन श्रीमंत: "छत्तीस! पण दोघेही राक्षसगण." मुलीची पत्रिका घेऊन आलेला बाप ताटकळत विचारी, "आमच्या कुसुमचं काय, काका?"

"थांबा हो, इथे अमेरिकेला मंगळ निघालाय."

"आपल्या दोघांची पत्रिका एवढी बघितली असती तर," मावशी आतून म्हणे.

मेलबर्नचा एक नियम मात्र ते गहिवरून सांगत. गोल थोडक्यात हुकला, चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला, तरी तिथे एक गुण देतात. "बघ, किती मोठ्या मनाची माणसं!"

शेवटी तो तक्ता त्यांनी मेलबर्नच्या एका क्लबाच्या चिटणिसांना पाठवला. विचारलं एवढंच: जुळणी बरोबर आहे का? पुढे वर्षभर पोस्टमन दिसला की काका ओट्यावरून उठून उभे राहत.

मी तेव्हा कचेरीत टायपिस्ट होतो आणि स्वतःला फार विनोदी समजत होतो. एका दुपारी मीच इंग्रजीत उत्तर टाइप केलं: 'जुळणी कमिटीला पसंत आहे. मुलीकडची मंडळी बैठकीला कधी येणार ते कळवावं.' पाकीट त्यांच्या दाराखालून सरकवलं. त्यावर तिकीट नव्हतं. "पोस्टातल्या कुणीतरी काढून घेतलं असेल," मी साळसूदपणे म्हणालो. काकांनी पत्र ओट्यावर मोठ्यानं वाचून मराठीत समजावून सांगितलं. शेवटच्या ओळीला सगळी आळी पोट धरून हसली, सर्वांत मोठ्यानं मी. काकांनी घडी घालून ते पंचांगात ठेवलं. त्यानंतर पिशवीतून भाजी येऊ लागली, वर्तमानपत्रं नाही.

सहा-सात महिन्यांनी पोस्टमननं काकांचं म्हणून एक पाकीट माझ्या हाती दिलं. ऑस्ट्रेलियाचं तिकीट, वर ठसठशीत शिक्का. मी धावतच गेलो. "काका, मेलबर्न!"

त्यांनी चष्मा वर करून पाकीट उलटसुलट पाहिलं, मग माझ्याकडे. "या खेपेला तिकीट विसरला नाहीस. सुधारलास रे."

"काका, हे खरं आहे!"

"पहिलंही खरंच होतं की." न उघडताच त्यांनी ते पंचांगात सारलं. "असू दे. तुझं तेही जपलंय. थोडक्यात हुकलेल्याला एक गुण असतो."

हे खरं आहे हे पटवायला, पहिलं पत्र माझं होतं, एवढंच कबूल करायचं होतं. मी म्हणालो, "चहा झाला का, काका?"

काका गेल्यावर मावशीनं ते पंचांग मला दिलं. दोन्ही पत्रं आत आहेत. मेलबर्नचं पाकीट मी अजून उघडलेलं नाही. प्रश्न त्यांचा होता. आणि त्यांच्या नावचं उत्तर लिहिण्याचा, वाचण्याचा माझा हक्क, मी ते पहिलं पत्र टाइप केलं त्याच दुपारी संपला.