हरेश चढणीला बंद पडला

ऋजुता गुप्ते आमच्या कर्जतची, आमच्याच आळीतली. माथेरानच्या एका हॉटेलात ती बरीच वर्षं काउंटरवर होती. माकडाने एखाद्या पाहुण्याचा चष्मा पळवला, की पाहुणा तिच्यावर ओरडायचा आणि ही जणू चष्मा आपणच पळवला अशा अदबीने माफी मागून त्याला सरबत पाजायची. पुढे कशेळ्याजवळ धर्मादाय दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर अनुपमना देणग्या मिळवायला माणूस हवा होता. लोकांची बोलणी ऐकून घ्यायची सवय आपल्याला आहेच, असं म्हणून ऋजुताने ती नोकरी धरली.

तिचे वडील अप्पा जन्मभर कर्जतच्या कोर्टात वकिली केलेले. त्यांनी उलटतपासणी घेतली.

"हुद्दा काय म्हणालीस?"

"निधी संकलन अधिकारी."

"म्हणजे ॐ भवति भिक्षां देहि. पण पगारी."

"दवाखान्यासाठी मागायचंय, अप्पा. स्वतःसाठी नाही."

"मागणारा कधी स्वतःसाठी मागतो का?" असं म्हणून अप्पांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

आणि गंमत अशी, की ऋजुताला मागताच येईना. खालापूरच्या एका कारखान्यात ती तासभर बसली. एक्स्प्रेसवेची कोंडी झाली, मालकाच्या मुलाची बारावी झाली, चहा दोनदा झाला, आणि ती एक कॅलेंडर घेऊन परत आली. कडावजवळच्या एका फार्महाउसवरून निघाली तेव्हा मालकांच्या भाचीसाठी स्थळ बघायची जबाबदारी तिच्या गळ्यात पडली होती.

"मागितलंस का पण?" डॉक्टरांनी विचारलं.

"विषय तिथपर्यंत आलाच नाही."

शेवटी डॉक्टरांनीच तिला समोर बसवून सराव करून घेतला. ते शेठ व्हायचे, ती मागायची. हळूहळू तिची जीभ सैल झाली. मग दुसरीच पंचाईत उभी राहिली. जो तो चाकाची खुर्ची द्यायचा. खुर्चीच्या पाठीवर नाव छान दिसतं ना! दवाखान्याचं कोठार खुर्च्यांनी भरलं. डोंगरातल्या वाड्यांना जाणाऱ्या पायवाटा अशा, की खुर्ची वर न्यायची तर पेशंटनेच उतरून ती ढकलायला हवी. खरी गरज होती फिरत्या दवाखान्याच्या गाडीला डिझेलची.

ते मागायला ती हरेशशेठकडे गेली. खालापुरात त्यांचा प्लॅस्टिकच्या टाक्यांचा कारखाना. माणूस दिलदार, पण नावाची भारी हौस. एसटी थांब्यावर त्यांचं नाव, देवळाच्या बाकांवर त्यांचं नाव. स्मशानातल्या शेडवरही एवढं ठळक, की परगावच्या माणसाला हे गेले कधी असा प्रश्न पडावा.

"ताई, डिझेल जळून जाणार," हरेशशेठ म्हणाले. "त्याच्यावर नाव कुठे टाकू?"

"गाडीवर टाकू," ऋजुता बोलून गेली. 'नाही' म्हणायचं नाही, ही हॉटेलातली सवय.

"केवढं?"

"तुम्ही म्हणाल तेवढं."

पेंटरने गाडीच्या दोन्ही अंगांना लाल रंगात असं 'हरेश' काढलं, की दवाखान्याचं नाव सरकत सरकत नंबरप्लेटशी गेलं. ड्रायव्हर दशरथ कर्ण्यावरून पुकारायला लागला, "हरेश आलाय हो, हरेश! बीपी, शुगर तपासून घ्या!" 'फिरता दवाखाना' हे शब्दच वाड्यांमधून उठले. बाया एकमेकींना सांगायच्या, उद्या हरेश हाय गं, रानात नको जाऊ.

वर्षभराने हरेशशेठ पत्नीला आणि फोटोवाल्याला घेऊन आपली गाडी बघायला निघाले. ऋजुता सोबत होती. रस्ता संपला तरी गाडी दिसेना, म्हणून तिथून सगळे घाम पुसत वाडीवर चढले. वाडीच्या तोंडाशी सोमी बसली होती. पन्नाशीची, बोलकी बाई.

"औशिदासाटी आलाव?" ती म्हणाली. "आज काय नाय. हरेश पडलाय."

"पडले? कुठे?" शेठाणीबाई दचकल्या.

"पलीकडच्या चढनीला. सकालधरनं. म्हातारा झालाय त्यो, जोर नाय ऱ्हायला. पोटात कायतरी बिगाडलंय, मागनं निस्ता धूर सोडतो."

शेठाणीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"दशरथ म्हनतो, आता भंगारात द्यावा."

ऋजुताने खोकून बघितलं, खुणा केल्या. सोमी थांबेना. "पन गुनाचा हो! माझी सून आडली व्हती. हरेश नसता तं दोन जीव गेलं असतं. दवाखान्यापतूर नेली, पोर बी झाला. आता त्याचंच नाव ठेवलंय पोराचं."

शेठाणीबाई हसत हसत दगडावर बसल्या. ऋजुताने भीतभीत ओळख करून दिली, "सोमीताई, हेच ते हरेशशेठ."

सोमीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी व्हय? तुमी तं धडधाकट दिसताव!"

मग सुनेने बाळ आणून शेठच्या हातात दिलं. बाळाने त्यांचा सदरा ओला करून टाकला, तरी त्यांनी ते लगेच परत दिलं नाही. फोटोवाल्यालाही त्यांनी मानेनेच 'नको' म्हटलं.

पलीकडच्या चढणीकडे उतरताना ते म्हणाले, "ताई, हरेश असा रस्त्यात पडून राहिलेला चालणार नाही. नवं इंजिन बसवा."

आता ऋजुताची भीड चेपली होती. "आणि ड्रायव्हरचा पगार?"

"त्याच्यावर नाव कुठे टाकणार?"

खाली गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेला दशरथ बाहेर आला. "माज्या शर्टावर टाका, शेठ. पाठ रुंद हाय."

ती वार्ता खोपोलीपासून पनवेलपर्यंत पसरली, आणि लोक आपणहून ऋजुताला बोलवायला लागले. आज तिच्या हाताखाली दोन मुली शिकताहेत. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळानेही तिला विचारलं होतं. तिथे वातानुकूलित केबिन होती, पण सोमीसारखं बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून ती गेली नाही. अप्पांनी अजून तोंडाने कौतुक केलेलं नाही. फक्त मधूनच एखाद्या जुन्या अशिलाचं नाव सांगतात आणि बजावतात, "मी पाठवलं म्हणू नकोस."

सध्या कडावचे एक डेअरीवाले एक्सरे मशीन द्यायला तयार आहेत. त्यांची अट एकच, प्रत्येक एक्सरेच्या कोपऱ्यात डेअरीचं नाव यावं.

"लोकांच्या बरगड्यांवर जाहिरात? मुळीच नाही!" डॉक्टर कडाडले.

"भिंतीवर पाटी लावू म्हणते," ऋजुता म्हणाली. "तुम्ही फक्त चहाला या आणि गप्प बसा."

डेअरीवाल्यांकडचा चहा ठरलाय मंगळवारी. डॉक्टर गप्प बसण्याचा सराव करताहेत.