वस्तीचं नाव यादीत नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय – ते मलाही नीट माहीत नाही.

तेव्हा मी गेवराई तालुक्यातल्या एका सहकारी दूध संघात कॉम्प्युटर बघायचो. दुष्काळ होता. संघाचे टँकर वस्त्यांवर पाणी द्यायचे, आणि कुठला टँकर कुठं जाणार याची यादी रोज सकाळी माझ्या प्रोग्रॅममधून निघायची. वस्त्यांची नावं मी प्रोग्रॅमच्या आतच लिहून ठेवलेली – आळस, दुसरं काय? त्यामुळे एक नाव वाढवायचं तरी सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाईल करावा लागे, म्हणजे लिहिलेल्यावरून मशीनला चालवता येईल अशी नवी फाइल बनवावी लागे.

जुन्या मशीनवर हे बिनबोभाट व्हायचं. मग नवं मशीन आलं, नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली, आणि ती फाइल बनवणारा कंपायलर मधूनच अडायला लागला. तीनदा नीट, चौथ्यांदा 'फाइल लिहिता येत नाही'. पुन्हा केलं की चालायचं. कारण काही सापडेना. चेअरमन येता-जाता विचारायचे, "अजून जमंना का?" मला लाज वाटायची. शेवटी मी काय केलं – ती चूक पडद्यावर दिसणारच नाही अशी सोय केली. कंपाईल फसलं की जुनाच प्रोग्रॅम गुपचूप चालायचा. सगळ्यांना वाटलं, दुरुस्त झालं. मी तसं वाटू दिलं.

आमच्याकडे टँकरसाठीचे अर्ज घ्यायला साळवेबाई होत्या. त्यांचं माहेर तलवाड्याजवळच्या एका वस्तीवर. तिथली विहीर आटली तेव्हा त्यांनीच वस्तीचं नाव चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिलं. मी ते प्रोग्रॅममध्ये टाकलं, कंपाईल केलं – आणि पुन्हा वळून बघितलं नाही.

तीन दिवस वस्ती वाट बघत राहिली. चौथ्या दिवशी बायका रिकामे हंडे घेऊन ऑफिसात आल्या. त्यांत बाईंची म्हातारी मावशी होती. चेअरमननी सगळ्यांसमोर मला विचारलं. मी मशीन उघडून बघितलं – नाव प्रोग्रॅममध्ये होतं, छापलेल्या यादीत नव्हतं. कंपाईल फसलं होतं आणि यादी जुन्याच प्रोग्रॅममधून निघत होती, हे मला तिथंच कळलं. चिठ्ठी माझ्या खणात होती.

मी म्हणालो, "माझ्याकडं नाव आलंच नाही."

साळवेबाईंनी माझ्याकडं बघितलं. "सर, म्या तुमच्या हातात दिलती न्हवं चिठ्ठी?"

"नाही."

मावशी त्यांना एवढंच म्हणाली, "पोरी, आमालाच इसरलीस व्हय?"

दुपारी टँकर गेला. पुढच्या आठवड्यात बाईंची बदली चारा डेपोवर झाली – उन्हात, पेंढ्या मोजायला. आणि मला कंपायलर अडण्याचं खरं कारण सापडलं. अँटीव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासायला धरून ठेवायचा, म्हणून कंपायलरला ती लिहिता येत नव्हती. आमचा फोल्डर तपासणीतून वगळला. दहा मिनिटांचं काम. चिठ्ठी? ती मी आधीच फाडली होती.

वर्षभरानं साळवेबाई बीडच्या एसटी स्टँडवर भेटल्या. माहेरी जाणं कमी झालंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सर, मी लई इचार केला. माजंच चुकलं असंल. चिठ्ठी दिली, असं मला नुसतंच वाटत असंल."

मला तेव्हाही बोलता आलं असतं. गाडी लागली. त्या चढल्या. मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली.