वांग्यातला कोळी आणि मी

जळगावच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होईपर्यंत कोणाला माझा संशय आला नाही. तो आला गेल्या हिवाळ्यात, माझ्याच परसात, एका कोळ्यामुळे.

रविवारी भरिताचा बेत होता. माझे थोरले भाऊ, म्हणजे आमचे नाना, सकाळीच धुळ्याहून आले. त्यांनी वांगी भाजायला अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या, पाटी घेऊन वांगी तोडायला गेले आणि तिथूनच मला हाक मारली. दोन झाडांच्या मधे ताटाएवढं गोल जाळं होतं. मधोमध पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी उलटा बसलेला. आठही पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे ताणलेले आणि पायांच्या पुढे पांढऱ्या धाग्याची नागमोडी शिलाई. इतका देखणा भाडेकरू परसात राहतो आणि मला पत्ता नाही, याचा मला रागच आला.

“हाई काय शे?” नानांनी विचारलं.

“कोळी.”

“ते मालेबी दिसस. विखारी शे का? घरमा नातवंडं शेतस. तीस वरीस पोरेसले शिकाडं ना तू? सांग, नही तं मी झाडू आनस.”

आता आली का पंचाईत. विषारी नाही म्हणावं तर कशावरून? आणि आहे म्हणावं तर तो बिचारा जीवानिशी जाणार. माझी अब्रू आणि त्याचा जीव, दोन्ही एकाच झाडूखाली होते. मग मी मास्तरी लबाडी केली. फोटो काढून जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ओळखा पाहू.’

दहा मिनिटांत सात नमस्कार, एक सुप्रभात आणि एक ‘सर, तब्येत जपा’ आलं. एकाने ‘खेकडा?’ असं विचारलं. तो हल्ली डॉक्टर आहे. तोवर नाना खरंच झाडू घेऊन आले.

तेवढ्यात चोपड्याहून फोन आला. माझाच एक जुना विद्यार्थी, आता केळीची शेती करतो. नानांनाही ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला. नको ती हौस.

“सर, सिग्नेचर स्पायडर आहे. मादी. माणसाला काही करत नाही, किडे खाते. माझ्या बागेतलं जाळं मी कोणाला मोडू देत नाही.”

नानांनी झाडू खाली ठेवला.

“शाब्बास, बरोबर ओळखलंस,” मी म्हणालो. सवय जात नाही.

तो हसला. “सर, पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकाने एक प्राणी बाटलीत घालून आणायचा होता. मी हीच आणली होती. तुम्हाला नाव विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ‘कोळी लिही आणि पुढे चल.’”

मला काहीच आठवेना. दरवर्षी टेबलावर बाटल्यांची रांग लागायची आणि मी चिठ्ठी सरळ चिकटवली आहे का, तेवढं बघून मार्क द्यायचो. आत काय आहे, ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. समोरची जिवंत बघताना मला फार लाज वाटली.

“चुकलंच माझं,” मी म्हणालो.

“असू द्या सर, मी पास झालो,” तो म्हणाला. “ती मात्र फुकट मेली.”