धाकटीच्या पायातले फिन

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाणबुड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. त्यात फिन, म्हणजे पोहताना पायात घालायची वल्ह्यासारखी रबरी पाती, टांगलेल्या भिंतीपाशी विक्रीला बसणाऱ्या बाईला सगळे पाणकोंबडी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. अर्धं आयुष्य तिने जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडण्यात घालवलं. ओढीच्या पाण्यात, गढूळ अंधारात, पायात काळ्या रबराचे जड, कडक पात्यांचे फिन. त्या फिननी आपल्याला जिवंत ठेवलं असं ती मानायची, त्यामुळे दुकानात आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात ती तेच मारायची. कुणी हलके मागितले की म्हणायची, "पाण्याशी नाजूकपणा चालत नाही हो. ते फिन अंघोळीच्या टबात घाला."

तिची धाकटी बहीण शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाली तेव्हा तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि पोहता पोहता बाईसाहेबांना पाण्याखाली काय आहे ते बघायची हौस लागली. ताई खूश. पण फिन घ्यायची वेळ आली तेव्हा धाकटी मुद्दाम दुसऱ्या दुकानात गेली आणि पिवळे, मऊ, पातं मधोमध चिरलेले फिन घेऊन आली.

"हे फिन आहेत की कात्री?" ताईने विचारलं.

"माझ्या गुडघ्याला विचार. त्याला हेच आवडले. पाय मारला की जोर लागत नाही."

"म्हणून तर पुढेही जाणार नाहीस."

"मला कुठे जायचंय? मी मासे बघायला जाते, शर्यतीला नाही."

ताईला हे पटलं नाही. पुढे एका सकाळी दोघी एका बोटीवरून समुद्रात निघाल्या. त्या दिवशी पाण्याला ओढ होती. धाकटी धक्क्यावर कुणाशी तरी बोलत उभी होती. तेवढ्यात ताईने तिची बॅग उघडली, पिवळे फिन काढून आपल्या बॅगेच्या तळाशी कोंबले आणि स्वतःची जादा काळी जोडी आत ठेवली. दोघींच्या पायाचं माप लहानपणापासून एकच. ओढीत मऊ पात्यांनी हिची फजिती होईल, ही काळजी खरी होती. पण आज हिला पटवूनच देते, हा हट्टही होता.

किनारा मागे पडल्यावर धाकटीने बॅग उघडली. "अगं, हे काय? माझे कुठे गेले?"

"गडबडीत बदलले असतील," ताई म्हणाली. "घाल हेच. उलट बरंच झालं, आज ओढ आहे."

धाकटीने फिनकडे बघितलं आणि ते पायात चढवले.

खाली उतरल्यावर थोडा वेळ ठीक गेलं. मग परत फिरताना ओढीविरुद्ध पाय मारायची वेळ आली. कडक पातं पाणी जोरात ढकलतं खरं, पण तो जोर मांडीतून आणि गुडघ्यातूनच यावा लागतो. धाकटीच्या पोटरीत गोळा आला. तिने तसाच पाय झटकला आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. ताईने मागून तिला धरलं, सावकाश वर आणलं. बोट आली. धाकटीने ताईचं मनगट इतकं आवळून धरलं की तिथे वळ उठले.

गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं. हातात काठी आली. भेटायला येणारे बोलून जायचे: या वयात काय हे खूळ! आणि धाकटी प्रत्येकाला सांगायची, "माझाच वेंधळेपणा. निघताना बॅग तपासली नाही." ताई शेजारी उशी नीट करत उभी असायची. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. दर वेळी ती पाणी आणायला स्वयंपाकघरात जायची. पिवळे फिन तिच्या घरी कपाटामागे पडून होते. तिला तो कोपरा झाडायचं धैर्य होईना.

दुकानात तिची वाचाच बसली. गिऱ्हाईकाने विचारलं की म्हणायची, "तुम्हीच बघा." मालक वैतागला. "अहो, लोक तुमचं ऐकायला येतात आणि तुम्ही मौनव्रत धरलंय!"

मग ती सल्ला द्यायच्या ऐवजी विचारायला लागली. गुडघे कसे आहेत? पोटरीत गोळे येतात का? थंड पाण्यात उतरणार की उबदार? एका धिप्पाड गवंड्याला कडक पाती हवी होती, कारण मऊ पात्यांत त्याला पाय हवेत मारल्यासारखे वाटायचे. एका नर्सला दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, तिला हलके हवे होते. एकाला पाणबुड्याच्या फुगीर पोशाखामुळे पाय वर तरंगतात म्हणून मुद्दाम जड हवे होते. सगळ्यांचं आपापल्या परीने बरोबर होतं. इतकी वर्षं आपण हे कुणाला विचारलंच नाही, आणि सख्ख्या बहिणीने न विचारता सांगितलं ते ऐकलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

एका दुपारी ती पिवळे फिन घेऊन धाकटीकडे गेली. धाकटी स्टुलावर पाय ठेवून व्यायाम करत होती.

"बदलले गेले नव्हते," ताई म्हणाली. "मी बदलले."

धाकटीने पाय स्टुलावरून खाली घेतला. "फिन बदललेस ते एक वेळ समजू शकते. तुझा स्वभावच तो. पण बोटीवर मी विचारलं होतं गं. खरं सांगितलं असतंस तर मी पाण्यात उतरलेच नसते. आणि नंतर मी जगाला सांगत बसले की मी वेंधळी, तू शेजारी उभी राहून ऐकलंस?"

"हो."

"जा तू आता."

फिन तिथेच ठेवून ताई गेली. पण घरी जाऊन तिने एकेका नातेवाइकाला फोन लावला. मामेबहिणीला, आत्याला, बोटवाल्यालासुद्धा. "चूक तिची नव्हती, फिन मी बदलले होते." आत्या म्हणाली, "आता कशाला उकरून काढतेस?" तरी ती सांगत राहिली. सांगून हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही वाटलं नाही.

पुढे तिने मालकाच्या मागे लागून एक गोष्ट सुरू केली: गिऱ्हाइकाने आधी जवळच्या तलावात दोन-तीन जोड्या घालून बघायच्या, मगच घ्यायच्या. एकदा ती अशीच काठावर जोड्या मांडत असताना धाकटी आली. काठीशिवाय, किंचित लंगडत. बरेच महिने दोघी बोलल्या नव्हत्या. तिने "ताई" म्हटलं नाही, पण दूरही गेली नाही. शेजारी बसून तिने पिशवीतून स्वतःचे पिवळे फिन काढले. गुडघा पुरता वाकत नव्हता, टाचेमागचा पट्टा हाती लागेना.

ताईचा हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. "लावू का?"

"नको. मी लावते."

खूप वेळ गेला. ताई मांडीवर हात ठेवून बघत राहिली. शेवटी पट्टा बसला आणि धाकटी पाण्यात सरकली. समुद्रात ती पुन्हा कधी गेली नाही, तलावापुरतीच राहिली. ताई जोड्या पुसत काठावर बसायची, आणि कधीमधी धाकटी पलीकडच्या टोकाहून तिला काहीतरी ओरडून सांगायची.