किन्हीराजाच्या माळावर, दहिवर वाळेपर्यंत

मारवाडच्या वाळवंटाची छायाचित्रे एका मासिकात आली होती. लेखक महाशय पुण्याचे. लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिले होते की, असे भव्य ओसाडपण पाहायचे तर मराठी माणसाला आपला मुलूख सोडावाच लागतो. वऱ्हाडात काय, कापूस आणि धूळ! या गृहस्थांनी वऱ्हाड पाहिला असेल तर आगगाडीच्या खिडकीतून, आणि तोही अर्धवट झोपेत. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी उभा जन्म भूगोल शिकवला. निवृत्त होताना स्वतःच स्वतःला एक घडीचा कॅमेरा भेट दिला. लेख वाचून संपला त्याच दिवशी मी आठ फोटोंचा एक रोल आणला आणि मालेगावला धाकट्या बहिणीला, यमूला, पत्र टाकले की मी येते, मला तुमच्याकडचा सगळ्यात उजाड माळ दाखवा.

जाणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगते. अकोल्याहून पातूर, मेडशी करत मालेगावला सर्व्हिस मोटार जाते. ती सकाळी सातला सुटते असे म्हणतात. प्रत्यक्षात ती माणसे, कोंबड्या आणि सरकीची पोती भरली की सुटते. पुढच्या बाकाचे आठ आणे जास्त घेतात आणि त्याबद्दल इंजिनाची ऊब व पेट्रोलचा वास देतात. पातूरचा घाट मात्र पाहून घ्यावा. तो चढून वर आल्यावर हवेत एकदम गारठा जाणवतो. सोबत घोंगडी आणि पाणी हवेच. मेडशीला मिळणारी भजी ताजी असतात, चहाबद्दल मी काही लिहीत नाही.

यमूचे यजमान बापूराव गवताचे ठेके घेतात. हे गृहस्थ माझ्यासाठी कधी खुर्चीवरून उठल्याचे मला आठवत नाही. या वेळी ते दारापर्यंत आले. किन्हीराजाला शाळेच्या खोलीत माझ्या मुक्कामाची सोय, दमणी, बैल, गाडीवान, सगळे ठरवून ठेवलेले. "अक्का, माळ असा काढा की चिटपाखरू दिसता कामा नये," म्हणाले. मला वाटले, अखेर या घरात कोणाला तरी कलेची कदर आली. माणूस म्हातारपणी किती भोळा होतो पाहा.

गाडीवान करीमभाई मंगरूळपीरचे, वय माझ्याएवढेच. दुसऱ्या दिवशी आम्ही किन्हीराजाला पोहोचलो. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी दारावर थाप मारली तेव्हा बादलीतल्या पाण्याला हात लावण्याची माझी हिंमत झाली नाही. पाऊण तासात माळावर आलो.

तो माळ मी कसा सांगू! मुरमाची लालसर जमीन, त्यातून वर आलेले काळे खडक, कुसळीचे वाळलेले पांढरे गवत आणि त्या गवताच्या प्रत्येक काडीवर दहिवर. सूर्य वर आला तशी एकेका दगडाची सावली वीस-वीस हात लांब पडली. झाड म्हणावे असे एकच, वाकलेला हिवर. आवाज नाही, धूर नाही, दहिवराखाली पाऊलखूणसुद्धा दिसत नव्हती. बोटे इतकी बधिर झाली होती की कळ दाबली की नाही हे आवाजावरूनच समजायचे. काच दोनदा पदराने पुसावी लागली. सहा फोटो काढले आणि मनातल्या मनात पुण्याच्या त्या गृहस्थांना सहा वेळा उत्तर दिले.

"झालं ना बाई? चला मंग," करीमभाई म्हणाले.

"एवढी कसली घाई?"

"ऊन चढाच्या आंदर बाईले वापस आना, असं सांगतलं बापूराव मालकानं."

मला कोणी घाई केली की मी बसते. ही सवय मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या मदरनाही मोडता आली नाही, कारण ती मूळची त्यांचीच होती. मी खडकावर बसले, भाकरी सोडली, अर्धी करीमभाईंना दिली. खाता खाता नऊ वाजून गेले. गवत वाळले. आणि खालच्या वावरांच्या बाजूने घंटांचा आवाज आला.

मेंढ्या. आधी वीस-पंचवीस, मग सगळी कडाच हलायला लागली. त्यांच्यामागे एक धनगरीण, सोनाबाई, पाठीवर कोकरू बांधलेले.

"कायचा फोटू काढून राह्यल्या बाई?"

"या माळाचा."

"माळावर काय हाय पन?"

"काहीच नाही. म्हणूनच काढते."

ती कमरेवर हात ठेवून हसली. "ऐकलं का करीमभाई? काहीच नाई म्हनते! अन् ह्या काय म्हशी दिसून राह्यल्या का इले?"

"मग इतका वेळ कुठे होतात तुम्ही?"

"पाटलाच्या वावरात. रातच्याले तिथं मेंढ्या बसोतो आमी. लेंडीचं खत होते त्याच्या वावराले, आमाले जवारी भेटते. दिवसा हाच माळ. दिवाळीपासून होळीलोक."

"पण पहाटे का नाही आणत?"

आता तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी नकाशा उलटा धरणाऱ्या मुलीकडे पाहत असे. "दहिवरात मेंढी सोडते का कोनी? ओलं गवत खाल्लं का पोट बिघडते, खोकलते, मरते. वाळल्यावरच चरू द्या लागते. कायची मास्तरीन हो तुमी?"

भूगोल शिकवत होते मी! पाऊस इंचात सांगता येत होता, दहिवर कोणासाठी पडते ते ठाऊक नव्हते.

करीमभाई जमिनीकडे पाहत होते. शेवटी बोलले, "बाई, तुमाले सांगाच लागते. मालक हा माळ ठेक्यानं मांगून राह्यले. चौफेर तार टाकनार. इथं मानूस नाई, जनावर नाई, पडीक हाय, असा कचेरीत अर्ज केला. त्याले हेच फोटू जोडनार."

सोनाबाईचे हसणे थांबले. "तार टाकल्यावर आमी कुठी जावं?" असे तिने मला विचारले. मला! हातात कॅमेरा माझ्याच होता ना.

उरलेले दोन फोटो मी तिथेच काढले. पहिल्यात माळभर मेंढ्या. दुसऱ्यात सोनाबाई मधोमध, तोच हिवर मागे, फोटोसाठी डोक्यावरून पदर घेतलेला आणि कपाळाला आठी तशीच.

मालेगावला पोहोचले तर बापूराव ओट्यावरच. "अक्का, द्या तो रोल. उद्या अकोल्याला माणूस जातोय, धुवून आणेल."

"रोल माझ्याजवळ राहील."

"का बरं? कॅमेरा काय खोटं बोलतो?"

"कॅमेरा नाही बोलत. त्याला किती वाजता न्यायचं हे ज्यानं ठरवलं, तो बोलतो."

यमूने आतून "अक्का, जेवून तरी घे आधी" म्हटले. बापूराव हसले. "ठेवा तुमचे फोटो. पुढच्या आठवड्यात कचेरीतले साहेब स्वतः माळ पाहायला येतायत. सकाळी सात वाजता. मीच वेळ दिलीय."

मी जेवले नाही. कंदिलाजवळ बसून साहेबांना इंग्रजीत अर्ज लिहिला: दहिवर वाळल्याशिवाय मेंढी चरत नाही, तेव्हा सात वाजता तुम्हांला ओली जमीन दिसेल आणि माळ पाहायचा राहून जाईल, दहा वाजता यावे. व्याकरण असे की मदर थडग्यात ताठ बसल्या असत्या. घरी परत आल्यावर रोल धुवून घेतला आणि शेवटचे दोन फोटो, मागे वेळ लिहून, साहेबांना पाठवले.

आधीचे सहा माझ्यापुढे आहेत. इतके सुंदर फोटो मी पुन्हा काढू शकणार नाही. मारवाड त्यांच्यापुढे फिका. मासिकाला पाठवण्यासाठी दोनदा पाकिटात घातले, दोनदा काढले. ज्यांना या माळाची ओढ वाटेल त्यांनी जरूर जावे, थंडीतच जावे, पण नऊनंतरही थांबावे. आणि सोय कोण करून देतो ते आधी पाहावे.

काल यमूचे पत्र आले. साहेब दहाला आले. मेंढ्यांमधून त्यांचा घोडा पुढे जाईना. बापूरावांचा अर्ज त्यांनी तिथल्या तिथे परत केला आणि चहाला न येताच गेले. यजमान आता माझे नाव काढू देत नाहीत, असे यमू लिहिते. ते सोसेन मी.

पण पत्रात खाली आणखी चार ओळी होत्या, आणि त्या वाचल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. साहेब यायच्या आधी, त्याच आठवड्यात, सोनाबाईचा नवरा दोनदा कचेरीत गेला होता. दोन्ही वेळा दाराशी उभा राहून त्याने हेच सांगितले होते, की साहेब, दहिवर वाळल्याशिवाय मेंढी चरत नाही, उशिरा या. पहिल्यांदा कारकून हसला. दुसऱ्यांदा शिपायाने त्याला पायरीखाली उतरवले. वाक्य तेच होते. मी फक्त इंग्रजीत लिहिले.