चार जुलैचं बाळ

"तारीख बदलून घे म्हनते मी. तीन घे, पाच घे, काय बी चालंल. चार नगं."

कांदे सोलता सोलता कुसुम बोलत होती. समोर पिठाच्या पिंपाला तिची लेक वैभवी टेकलेली, दिवस भरत आलेले. जर्मनीत कायझर्सलाउटर्नमधल्या भारतीय हॉटेलाचं हे मागचं स्वयंपाकघर. दुपारची गिऱ्हाइकं नुकतीच पांगली होती. मूल आडवं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सिझेरियनला चार जुलै दिला होता.

"आई, हॉस्पिटल आहे ते, एस.टी. नाही, ही चुकली तर पुढची. दुसरा टेर्मीन, दुसरी वेळ, नाही त्यांच्याकडे."

कुसुम खटाव तालुक्यातली. नवरा श्रीनाथ इथं तंदूरवर होता, त्याच्यामागं ती आली. तो गेला चार जुलैलाच. गावात अमेरिकन लष्कराची माणसं उदंड, त्यांचा सण; वर फटाके फुटत होते आणि हा ढोसून जिन्याखाली पडलेला.

वैभवी अमेरिकन पोरांच्या बालवाडीत शिकवते. "अगं, त्यांची ही तारीखच तशी. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्या दिवशीचा. पुढं बरोबर पन्नास वर्षांनी अ‍ॅडम्स आणि जेफरसन, दोन्ही जुने अध्यक्ष, एकाच दिवशी गेले. चार जुलै. नंतर मन्रो. तोही चार जुलैलाच."

"बघ. मानसं खानारी तारीख हाय."

"आणि कूलिज जन्मला की. पुढं तोही अध्यक्ष झाला."

"त्यो कसा निघाला?"

"फार बोलायचा नाही म्हणे."

"मंग बरा."

वैभवी हसली. "मुलगा आहे म्हणालेत ना, बाबाच येतायत गं. मालिनीआत्याचाही फोन होता. म्हणाली, दादा आला, श्रीनाथच ठेवा. माझ्याही मनात तेच आहे."

गेलेलं माणूस पोटी येतं, असं आमच्याकडं म्हणतात आणि त्यात सुख मानतात. कुसुमनं त्याचाच धसका घेतला होता. नवरा गेला, तेव्हा कैक वर्षांत पहिल्यांदा ती बिनघोर पाठ टेकून झोपली होती.

"नाव दुसरं ठेव."

"का?"

कुसुमनं सुरी खाली ठेवली. "तुजा बाप मला मारायचा. हाटेल बंद झालं की हितंच. तू घरी निजलेली असायचीस."

"मला कधी बोट नाही लावलं त्यांनी."

"न्हाई लावलं. म्हनून तर बोलले न्हाई."

"मग आता कशाला बोललीस? परवा पोट कापायचंय माझं."

कुसुमनं कांद्याची सालं बाजूला सारली. म्हणाली, "मांडीवर घिऊन त्या नावानं हाक मारायची म्हनलं, तर माज्या तोंडातनं निघायची न्हाई."

वैभवी फ्रीजच्या दाराला धरून उठली. "तारीख तीच राहील," एवढंच म्हणाली. नावाचं काही बोलली नाही. मागच्या दारानं गेली, बसथांब्यापर्यंत एकदाही वळली नाही.

संध्याकाळी पंचवीस माणसांची पंगत यायची होती. कुसुमनं कांद्याचं दुसरं पोतं ओढलं आणि त्याची सुतळी दातानं तोडली.