खिळ्यावरचे वाडगे

चहा पिऊन झाला की धम्मपालकाका उठायचे, कपबशी दोन्ही हातांत धरून नळापाशी जायचे, ती विसळायचे आणि कप पालथा घालून परत यायचे. घरी असोत, लग्नाच्या मांडवात असोत की कुणाच्या ऑफिसात, यात कधी बदल नसे. पोरीच्या कॅफेतही नव्हता. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत मनालीताईचं ‘ओसरी’ आहे. तिथं कप उचलायला माणसं होती, भांडी घासायला माणसं होती, तरी काका अंगणातल्या नळावर जाऊन आपला कप धूतच. एकदा एका गिऱ्हाइकाने त्यांना कामावरचे समजून आपली ताटलीही त्यांच्या हातात दिली. काकांनी तीही धुतली. मनालीताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र म्हणाले, रिटायर माणसाला तेवढंच काम.

दुसरी एक गोष्ट बऱ्याच उशिरा आमच्या लक्षात आली. समोर आलेल्या चहाला ते कधीच नावं ठेवत नसत. साखर नसली तरी प्यायचे, साय धरलेली असली तरी प्यायचे. घाईत कुणी गार चहा पुढे ठेवला तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे आणि धुवायला उठायचे.

तेव्हा एम. ए.चा निकाल लागून मी नोकरी शोधत होते आणि तोवर ‘ओसरी’चं काउंटर सांभाळत होते. काका मनमाडला रेल्वेत फिटर होते. येवल्याच्या पलीकडचं एक खेडं हे त्यांचं गाव. धर्मांतरानंतर वस्तीत जन्मलेलं पहिलं पोर म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांचं नाव धम्मपाल ठेवलं, हे ते कौतुकाने सांगत. बायको गेल्यावर ते मनमाडचं घर बंद करून मनालीताईकडे राहायला आले. गावाबद्दल एवढंच बोलायचे की तिथली बोरं गोड होती.

‘ओसरी’त कुत्र्यांना यायला परवानगी होती. पुढचा पत्र्याखालचा भाग त्यांच्यासाठी आणि त्यांच्या माणसांसाठी. काकांना याचं काही वावडं नव्हतं. उलट कुत्री आधी त्यांच्याकडेच जात. आरोही नावाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज सकाळी तिच्या बीगलला, कुकीला, घेऊन यायची. कुकी आल्या आल्या काकांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपायची आणि मग काका पाय हलवायचे नाहीत. पायाला मुंग्या आल्या की भारतला, म्हणजे आमच्या वेटरला, हाक मारून सांगायचे, बाबा रे, हिला काहीतरी खायला दाखव, मला उठायचंय.

गडबड सुरू झाली ती या कुकीवरूनच. आरोहीने एका सकाळी आपली अंड्याची ताटली संपवली आणि सहज खाली जमिनीवर ठेवली. कुकीने ती लख्ख चाटली. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर नवरा-बायको मिसळ खात होते. बाईंनी चमचा खाली ठेवला. नवऱ्याने मोबाइल काढून फोटो घेतला. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळीकडे फिरला होता. खाली लिहिलं होतं, इथं कुत्र्यांच्या उष्ट्या ताटल्यांत माणसांना वाढतात.

पुढच्या आठवड्यात टेबलं ओस पडली. ज्या सोसायटीच्या तळमजल्यावर कॅफे होता, तिथल्या लोकांना मुळातच कुत्री नको होती. त्यांनी निरोप धाडला, नीट करा नाहीतर जागा सोडा. मनालीताईने चांगली नोकरी सोडून हे उभं केलं होतं. आम्ही तिला रडताना पाहिलं नाही, पण ती काउंटरपाशी यायची, काहीतरी विचारायला तोंड उघडायची आणि न विचारताच परत जायची.

मग तिने जे केलं ते कुणीही शहाण्या माणसाने केलं असतं. दाराशी एक पाटी लावली. पट्टा सोडू नये. कुत्र्याला खुर्चीवर बसवू नये. आपल्या ताटलीतलं त्याला देऊ नये. आणि शेवटी, ‘कुत्र्यांची भांडी वेगळी आहेत. ती बाहेर नळाजवळ ठेवली आहेत.’ शनिवारी अंगणाच्या भिंतीत ओळीने खिळे ठोकले आणि काठाला कडी असलेले नवे कोरे स्टीलचे वाडगे त्यांवर टांगले. प्रत्येकाच्या तळाला बाहेरून कुत्र्याच्या पंजाचं चित्र होतं. उन्हात ते वाडगे छान चमकत होते. मी स्वतः त्यांचा फोटो काढला आणि कॅफेच्या पानावर टाकला. त्या नवरा-बायकोंना मनालीताईने फोन करून रविवारी मुद्दाम बोलावलं. या, बघा, आम्ही सगळं बदललंय. ते येतो म्हणाले.

रविवारी मिसळीला गर्दी असते. त्या दिवशी चक्क लोक आले, बहुधा बघायला. ते नवरा-बायकोही आले आणि मुद्दाम आतल्या टेबलावर, पंख्याखाली बसले. बाईंनी रस्सा जास्त मागितला. भारतने एक वाडगा भरून आणून ठेवला.

बाईंनी पाव बुडवला, दोन घास खाल्ले. मग वाडगा हातात धरून रस्सा तोंडाला लावायला गेल्या, तेव्हा समोर बसलेल्या नवऱ्याला तळ दिसला. त्याने फक्त बायकोचं मनगट धरलं. वाडगा उरलेल्या रश्श्यासकट हळूच टेबलावर कलता केला आणि आम्हाला दाखवला. तळाला पंजा होता.

पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी पाव तोडत होतं, तेही थांबलं. मी अंगणाकडे पाहिलं. भिंतीवर नुसते खिळे होते.

मनालीताई स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या मागे मी. सगळे वाडगे आतल्या फळीवर, आमच्या वाट्यांशेजारी, पालथे घातलेले होते. धुतलेले, पुसलेले. भारत शनिवारी रजेवर होता, त्याला पाटीचं आणि वाडग्यांचं काहीच माहीत नव्हतं. रश्श्याच्या वाट्या संपल्या तेव्हा फळीवर दिसलं ते भांडं त्याने घेतलं. आता तो भिंतीला टेकून उभा होता आणि शपथा घेत होता, ताई, आईशप्पथ मी नाही आणली ही.

“मग कोणी आणली?” मनालीताईने विचारलं.

काका मागच्या दारात उभे होते. हातात स्वतःचा कप, धुतलेला, पाणी निथळत होतं.

“मी आणली,” ते म्हणाले. “सकाळी.”

“पप्पा, ती कुत्र्यांची भांडी आहेत. पाटी नाही का वाचलीत?”

“वाचली. कळलं पण मला.”

“मग?”

काकांनी कप फळीवर ठेवला, वाडग्यांच्या रांगेतच. बाहेर तो माणूस मोठ्याने काहीतरी बोलायला लागला होता. मनालीताईची मान एकदा तिकडे वळली, पण ती हलली नाही.

“आमचे पण असेच होते,” काका म्हणाले. “बाहेर. खिळ्याला.”

कुणाला काही समजलं नाही. मला तर वाटलं काका मनमाडच्या घराबद्दल बोलताहेत. मग त्यांनी सांगितलं, अगदी साधेपणाने. गावात एसटीच्या थांब्याजवळ एक हॉटेल होतं. त्यांच्या वस्तीच्या माणसांसाठी दोन कप वेगळे असत. कान तुटलेले, म्हणून तारेचं कडं करून बाहेरच्या भिंतीवर टांगलेले. आपण जायचं, कप काढायचा, लांब धरायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. उभ्याने प्यायचा. मग कप धुवायचा आणि पालथा करून परत खिळ्याला लावायचा. न धुता लावला तर पुढच्या वेळी चहा नाही. चहा गार असला तरी बोलायचं नाही. काका वडिलांबरोबर जायचे. धुवायचं काम त्यांचं, कारण त्यांचा हात खिळ्यापर्यंत पोचायला लागला तेव्हा वडिलांनी ते कौतुकाने त्यांच्याकडे दिलं होतं.

“हॉटेलवाल्याचा कुत्रा आत असायचा,” ते म्हणाले. “बाकाखाली. मालक त्याला आपल्या बशीत चहा द्यायचा. ती बशी मग विसळून पुन्हा गिऱ्हाइकाला. त्याचं मला तेव्हा नवल पण वाटायचं नाही. कुत्रं आतलं होतं ना.”

मनालीताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिने दरवर्षी जयंतीला भाषणं केली होती. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती. वेगळ्या कपांबद्दल ती स्टेजवरून बोलली होती आणि समोर पहिल्या रांगेत काका टाळ्या वाजवत बसलेले असत. ते कप कुणाच्या हातात होते हे तिला आज कळत होतं. रोजची ती कपबशी, नळ, पालथा कप, ज्यावरून ती त्यांच्यावर चिडायची, तेही आज कळत होतं. तिने ओट्याचा काठ धरला.

“मला का नाही सांगितलंत कधी?”

“सांगायचं काय त्यात,” काका म्हणाले. “सकाळी कप धुवायला गेलो तर भिंतीवर दिसले. कुत्र्यांचेच आहेत, लय चांगले कळतंय मला. पण हात गेला. म्हटलं आत असू दे. तुझ्या दारात बाहेर नको.”

मग एकदम त्यांना बाहेरचा आवाज ऐकू आला असावा. ते खालच्या आवाजात म्हणाले की तुझं नुकसान केलं मी, मी त्यांना जाऊन सांगतो. ते निघालेही. मनालीताईने त्यांचा दंड धरला. तुम्ही कुणाला काही सांगायचं नाही, ती म्हणाली. इतक्या हळू की मला ते ओठांवरूनच कळलं.

ती एकटीच बाहेर गेली. वाडगे नवे आहेत, त्यांत एकदाही कुत्र्याने तोंड घातलेलं नाही, तरी चूक आमची, असं तिने त्या दोघांना सांगितलं. चूक कशी झाली ते सांगितलं नाही. त्या गृहस्थांनी खोदून खोदून विचारलं, तुमच्याकडे साधी शिस्त नाही का, वेगळं ठेवायला सांगितलेलं वेगळं ठेवता येत नाही का. जाताना ते म्हणाले, मी हेही लिहिणार. आणि त्यांनी लिहिलं.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. सोसायटीच्या बैठकीत मनालीताईला दोनदा उभं केलं गेलं. आरोही रोज कुकीला घेऊन येत राहिली आणि कुत्री पाळणाऱ्या तिच्या ओळखीच्यांना आणत राहिली, तेवढ्यावर दार उघडं राहिलं. पुढे हळूहळू मिसळीची गर्दी परतली.

कुत्र्यांची भांडी वेगळीच राहिली, ती राहायलाच हवीत. पण भिंतीवरून गेली. दाराच्या आत, काउंटरखाली एक कपाट करून घेतलं आणि पाटीवरची शेवटची ओळ बदलली. आता तिथं लिहिलंय, ‘तुमच्या कुत्र्याला पाणी हवं असेल तर सांगा, आम्ही आणून देऊ.’ खिळे काकांनी स्वतः पक्कड लावून उपटले आणि भोकं पुट्टीने बुजवली. फिटरचा हात, कुठं काय होतं ते बोटांनी चाचपूनही सापडत नाही. मी चाचपून पाहिलं आहे.

कप धुणं काही थांबलं नाही. मनालीताईने एकदाच सांगून पाहिलं, आता नका ना धुऊ. सवय आहे, ते म्हणाले. मग भारतने खेळ सुरू केला. काकांचा शेवटचा घोट संपायच्या आत तो टेबलापाशी हजर व्हायचा आणि कप पळवायचा. काका त्याला म्हणायचे, माझ्या पोटावर पाय देतोस का रे. भारत म्हणायचा, काका, तुम्ही धुतलंत तर माझी नोकरी जाईल. कधी भारत जिंकायचा, बऱ्याचदा काकाच. आम्ही हसायचो. हसताना मनालीताई दुसरीकडे बघायची.

जानेवारीत नाशिकला चांगलीच थंडी पडते. तशाच एका सकाळी काका कानाला मफलर गुंडाळून आले. बाहेर गारठा होता म्हणून आतल्या, पंख्याखालच्या टेबलावर बसले. कुकी चपलेवर. दुपारी घरी जेवून ते आडवे झाले आणि मनालीताई संध्याकाळी उठवायला गेली तेव्हा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. त्यांना काही झालं होतं असं आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सकाळी तर अगदी नेहमीसारखे होते. ती सकाळ मी पुन्हा पुन्हा आठवून पाहते, काही सुटलंय का म्हणून, आणि दर वेळी एकाच गोष्टीपाशी थबकते.

भारतने चहा ठेवला तेव्हा ते आरोहीशी बोलत होते, कुकीच्या पायातल्या काट्याबद्दल. बोलण्यात वेळ गेला. मग त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि परत बशीत ठेवला. काउंटरच्या दिशेने मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“भारत, हा गार झालाय. दुसरा आण.”